बोरीखालची माती

चाकण, १३ जानेवारी २०२५

चि. विजयश्री हिस,
ज्योतीदादाचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या ओडिशातल्या कॅम्पवर फोन लागत नाही, हे पत्र लिहिण्याचं एक कारण. दुसरं असं की आमचं घर दोन खोल्यांचं आहे आणि जे लिहायचं आहे ते शालनच्या कानावर जायला नको. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या टेबलावर बसून लिहितो आहे. उत्तरही कंपनीच्याच पत्त्यावर पाठव.

आमचं चऱ्होलीचं खालचं रान बिल्डरकडे गेलं. विहिरीकडचा तुकडा चुलत्यांनी नऊ वर्षांपूर्वीच दिला होता, तिथे बिल्डिंगही उभी राहिली. आता उरलेलं. अक्षय तृतीयेला भूमिपूजन आणि लगेच पोकलेन. खाली दोन मजले पार्किंग आहे, म्हणजे तिथली माती सगळी निघणार.

आमची मुलगी तुला आठवत असेल. तू तेव्हा दहावीत होतीस. मावशीबरोबर दापोडीहून बघायला आलीस आणि तिने तुझं बोट धरलं म्हणून सगळ्यांना सांगत सुटली होतीस. ती गेली त्या दिवशी मी पिंपरीत पहिल्या पाळीला होतो. निरोप मिळून घरी पोचेपर्यंत माझ्या वडिलांनी, दादांनी, आणि भावकीतल्या सोनबाकाकांनी तिला पुरलंही होतं. एवढ्या तान्ह्या लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत. कुठे, म्हणून विचारलं तर आई म्हणाली, खालच्या रानात बांधावरच्या बोरीखाली. मी जाऊन नमस्कार करून आलो. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही, हे तुला ठाऊक आहे. पुढे बोर तोडली, बांध सपाट केला, आणि रान पडीक राहिलं.

आता शालन एकच म्हणते. "मशीन यायच्या आधी माझी पोर मला काढून द्या. नाहीतर मी मशीनच्या तोंडापुढं बसेन." तिला माती का होईना हातात घेऊन इंद्रायणीत सोडायची आहे. परवा मला रानात घेऊन गेली आणि एका ठिकाणी टाच रोवून म्हणाली, "इथं." मी चहूकडे बघितलं. ना झाड, ना दगड. "कशावरून म्हणतेस?" तर म्हणे, "तुम्ही बाप आहात. तुम्हाला नाही कळायचं."

मी तिच्यावर अविश्वास दाखवला नाही, पण माझ्या मनाचं समाधान नाही. आपण एका जागी खणायचं, आणि पोर पलीकडे हातभर अंतरावर राहून मशीनच्या बकेटमध्ये जायची, ही कल्पना सहन होत नाही.

तुम्ही लोक जमिनीतलं खनिज न खणता शोधता. माती नेऊन तपासायची एक रीत आणि वरून यंत्र लावून बघायची दुसरी, असं तू एकदा सांगितलं होतंस. आमच्या कामाला कोणती चालेल? एक विनंती. काहीही कर, पण आत सळई खुपसावी लागेल असं नको. तिला लागेल, असं वाटतं. हसू नकोस.

तुझा
ज्योतीदादा

—

कॅम्प, जि. केंदुझर, २५ जानेवारी

प्रिय दादा,
सा. नमस्कार.

हसले नाही. पत्र वाचून तंबूबाहेर जाऊन बसले होते. ते बोट धरलेलं मला अजून आठवतं.

तुला उगाच आशा लावणार नाही, जे आहे ते सांगते. माती तपासली तर मातीत काय आहे ते कळतं. जिथे देह विरून गेला असेल तिथे हाडांचं फॉस्फेट राहतं, अगदी तान्ह्या बाळाचंही थोडं. पण त्यासाठी रानभर चार-चार हातांवर नळी खुपसून कमरेइतक्या खोलीपर्यंतची माती काढावी लागेल, आणि नेमकं तेच तुला नको आहे. शिवाय तुमच्या रानात दादांनी आयुष्यभर शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकलेलं. सगळं रानच "इथे आहे, इथे आहे" म्हणून ओरडेल.

यंत्राचं उलटं. रडार म्हणून एक असतं, ते नुसतं जमिनीवरून ढकलत न्यायचं. पण काळ्या चिकणमातीत ते आंधळं होतं. दुसरं आहे ते विजेचं. ओळीने स्टीलच्या खुंट्या ठोकायच्या, वीतभरच आत जातात. त्यांतून बारीक वीज सोडायची आणि माती ती कुठे सहज जाऊ देते, कुठे अडवते, ते मोजायचं. पूर्वी खणून बुजवलेली जागा बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळी वागते. दादांनी खड्ड्यात मीठ घातलं असणार, आपल्याकडे घालतातच. एवढ्या पावसाळ्यांनंतर त्यातलं फारसं उरलं नसेल, पण उरलं असेल तर मिठाच्या मातीतून वीज पटकन जाते. मात्र हे यंत्र फक्त "इथे काहीतरी वेगळं आहे" एवढंच बोलतं. काय वेगळं, ते त्याला सांगता येत नाही.

आमच्या धंद्यात आधी यंत्र लावतात आणि मग जिथे शंका येईल तिथली माती काढतात. तुझ्यासाठी पहिलंच करू. फेब्रुवारीत चार दिवसांची रजा मिळते आहे. पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या कॉलेजातून यंत्र मागून घेते. वहिनींना काय सांगायचं ते तू ठरव.

सोनबाकाका आहेत ना अजून? त्यांना विचारलंस का?

विजू

—

चाकण, २७ फेब्रुवारी

चि. विजू,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर वेगळंच झालं आहे, तेच कळवायला बसलो.

तुझ्या लॅपटॉपवर ती निळी खूण उमटली आणि शालनने तिच्यावर बोट ठेवून "हीच का?" म्हणून विचारलं, तू "असावी, वहिनी" म्हणालीस, त्या क्षणापासून ती सुधारली बघ. तिने टाच रोवली होती तिथेच खूण निघाली! मी तिची माफी मागितली. तर म्हणते कशी, "यंत्र आणलंत ते बरं केलंत. नाहीतर जन्मभर माझ्याकडं येडी म्हणून बघितलं असतंत." दोन्ही वेळा जेवते आहे. परवा चक्क शेजारच्या पूनमच्या लग्नाच्या बस्त्याला गेली. लेकीबाळींच्या कार्याला ती कधी जात नसे.

चैत्रातल्या एकादशीला, म्हणजे ८ एप्रिलला, माती उचलायची ठरवली आहे. पूजा-बिजा नाही. मी आणि ती, एक फावडं आणि तांब्या. तिथून घाटावर. तुझ्या यंत्रामुळे माउलींनीच जागा दाखवली असं मी समजतो.

सोनबाकाकांना विचारलं नाही. नव्वदीला टेकले, त्यांना कशाला जुन्यात ओढायचं? आता गरजही उरली नाही.

निघताना तू फार गप्प होतीस. ऊन लागलं असेल. आणि मी दुसऱ्या पाळीला निघाल्यावर तू पुन्हा रानात गेली होतीस, असं शालन म्हणाली. काही राहिलं होतं का?

ज्योतीदादा

—

कॅम्प, १६ मार्च

प्रिय दादा,

हो, राहिलं होतं. तू बजावून सांगितलं होतंस तरी मी नळी घातली. तू कंपनीत गेलास, वहिनी चहा ठेवायला घरी गेल्या, तेवढ्यात. खूण जिथे सर्वांत गडद होती तिथेच, मधोमध, आणि ताडून बघायला एकदा लांब कडेला. तुझा शब्द मोडला, रागाव. पण मनात शंका आली होती, आणि त्या संध्याकाळी पुण्याकडे जाताना ते चित्र पुन्हा पुन्हा बघितलं तेव्हा ती पक्की झाली. खूण खोल नव्हती, वरच्या वर होती. मला ते रानातच नीट दिसायला हवं होतं. पण वहिनींचं बोट पडद्यावर होतं आणि माझ्या तोंडून "असावी" निघून गेलं.

मातीचा रिपोर्ट आला आहे. दादा, दोनदा वाच आणि मगच काय ते ठरव.

त्या जागी मीठ आहे, खूप आहे. कॅल्शियम आहे, फॉस्फेट आहे. बाकीच्या रानापेक्षा कितीतरी जास्त. पण सगळं वरच्या वीतभर मातीत. खाली जावं तसं कमी होत जातं आणि हातभर खाली ती माती इतर रानासारखीच आहे. पुरलेल्या देहाचं असं होत नाही, त्याचं खाली जास्त सापडतं. आणखी एक. कमरेइतक्या खोलीवर तुमच्या रानात चुनखडीचा पांढरा थर आहे. तो त्या जागी सलग आहे. खड्डा खणला असता तर तो मोडला असता, खडे वर आले असते. त्या जागी कधीच कुणी खणलेलं नाही.

जे आहे ते वरून आलं आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच एका ठिकाणी मीठ आणि, मला वाटतं, दूध घालत आलं आहे.

बाळ तिथे नाही, दादा.

विजू

—

चऱ्होली, ३० मार्च, गुढीपाडवा

चि. विजू,

तुझं पत्र बरेच दिवस डब्याच्या पिशवीत घेऊन फिरलो. रागावलो नाही. नळी तिला कुठेही लागली नाही, हे वाचून आधी हायसं वाटलं आणि मग त्याचा अर्थ डोक्यात शिरला.

शालनला सरळ विचारायचा धीर झाला नाही. काल अमावस्या होती. मी दुसऱ्या पाळीला जातो म्हणून निघालो आणि गेलो नाही. रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलो. दिवस मावळायच्या सुमारास ती आली. हातात दुधाचं लहान भांडं. त्या जागी बसली, मुठीत मीठमोहऱ्या घेऊन मातीवरून ओवाळल्या, जशी घराघरांत लेकराची दृष्ट काढतात तशी. चूल नाही, म्हणून ते मीठ बोटांनी मातीत दाबलं. वरून दूध ओतलं. उठताना मी दिसलो. दचकली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.
"तुमची पाळी असंल तशी. कधी चुकली नाही अमावस्या."
"मला सांगायचं."
"तुम्ही देवाचं करता ते मला सांगता का?"

मग गाडीवर मागे बसून म्हणाली, "लहान लेकरू उघड्यावर एकटं. दृष्ट लागायला काय वेळ?"

विजू, तुझ्या त्या निळ्या खुणेत चोवीस वर्षांच्या अमावस्या होत्या, आणि मी एका घरात राहून एकीचाही मागमूस घेतला नाही.

आज सकाळी गुढी उभारून सोनबाकाकांकडे गेलो. बाजेवर बसले होते. "या, कंपनीवालं सायेब! कडुलिंब खायाला माणूस बरं आठवलं तुला." त्यांची सून यशोदाबाई चहा ठेवून आत गेली तेव्हा मी विषय काढला. त्यांनी दाढी खाजवली.

"बोरीखाली न्हाई," म्हणाले. "हिरीच्या अंगाला. तिथली माती मऊ व्हती. तुझा बाप खणत व्हता आन् मी हातात घिऊन हुभा व्हतो."

"मग आईने बोर का सांगितली?"

"आंबूवैनीनंच ठरवलं त्ये. लेकराच्या आयला खरी जागा दावायची न्हाई म्हणली. पोरगी येड्यावानी रोज जाऊन बसंल, कूस उजवायची न्हाई. बाप्यालाबी सांगू नगा, त्यो बायकुला सांगंल. म्हून बोर सांगितली. शालनचं भलंच बघितलं रं तिनं." मग म्हणाले, "पर उजवली का कूस? न्हाई ना? मंग कशापायी केलं त्ये, माझं मलाच कळंना झालंय."

विहिरीच्या अंगाला म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगची जागा. तेच पुढे म्हणाले, "पाया खणत व्हते तवा मी जाऊन हुभा ऱ्हायलो व्हतो ज्योतीराम. रोज जायाचो. काय बोलू? कुनाला बोलू? त्या मशीनवाल्या पोराला?"

एकादशी जवळ आली. शालनने घाटावर न्यायचं नवं कापड आणून ठेवलं आहे, पिवळं. मी काय करू?

ज्योतीदादा

—

कॅम्प, ४ एप्रिल
(कुरिअरने)

दादा,

सांगू नकोस. मी मोजमाप करणारी बाई आहे, खोटं लिहिलं की माझी नोकरी जाते, आणि तरीही म्हणते, सांगू नकोस. वहिनींच्या हातून जे त्या जागेत गेलं आहे ते खरं आहे, मी प्रयोगशाळेत मोजलं आहे. तीच माती त्यांना इंद्रायणीत सोडू दे. मोकळ्या होतील. खरी जागा कळून त्यांच्या हाती काय येणार? वर सात मजले आहेत.

मी "असावी" म्हणाले नसते तर तुझ्यावर ही वेळ आली नसती. हे ओझं माझं आहे, तू एकट्याने घेऊ नकोस.

विजू

—

चऱ्होली, ३ मे

चि. विजू,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं ऐकायचं असं ठरवूनच मी एकादशीला रानात गेलो होतो.

सकाळची वेळ होती. शालनने जागेवर पाणी शिंपडलं. मी फावडं मारलं, वरची माती भुसभुशीत होऊन निघाली. ती समोर गुडघ्यावर बसली आणि पदर पसरला. मी म्हटलं, पिवळं कापड आहे की. तर म्हणाली, "आधी पदरात. एकदा तरी घेऊ द्या, मग बांधा." बाळ गेलं त्या दिवशी तिला शेवटचं घेऊही दिलं नव्हतं. दादांनी उचललं आणि निघाले. ते मला ठाऊक नव्हतं, तेव्हा मी कामावर होतो. तिने ते त्या वेळी, पदर पसरून बसलेली असताना सांगितलं.

मी त्या पदरात दोन ओंजळी माती घातली. तिने पदर छातीशी धरला आणि हलायला लागली, पुढेमागे, पुढेमागे. विजू, मला ते बघवलं नाही. तिच्या आईपणाला आणखी एकदा फसवायचं, आणि या वेळी माझ्या हाताने, हे झालं नाही. मी सगळं सांगितलं. तुझी नळी, चुनखडीचा थर, सोनबाकाका, विहीर. सांगताना तिच्याकडे बघत नव्हतो.

ती हलायची थांबली. पदर सोडला नाही.

"मग ही माती कुणाची?" तिने विचारलं.
"तुझीच. तुझ्या हातचं मीठ आहे त्यात."
"आणि मी हिकडं येत होते तेव्हा ती तिकडं... ऐकत असंल का?"

तिने माती कापडात बांधली, गाठ मारली, आणि घाटावर न जाता घराकडे चालू लागली. त्यानंतर कितीतरी दिवस घरात गरजेपुरतं बोलणं. आईच्या फोटोला रोज फूल घालायची, ते बंद झालं. जेवण पुन्हा एकवेळचं झालं. तुझं ऐकायला हवं होतं का, हा विचार मी कंपनीत जाताना करतो आणि येतानाही करतो.

अक्षय तृतीयेला भूमिपूजन झालं. मांडव, शामियाना, पेढे. पोकलेन आला. मला धास्ती होती, पण ती तिकडे फिरकली नाही. त्याच दुपारी चार घास भात खाल्ला, लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाली, "चला, तिकडं घेऊन चला मला." हातात ते पिवळं गाठोडं होतं.

विहिरीच्या जागेवरच्या त्या बिल्डिंगचं गेट तू बघितलंस, वडाच्या वळणावर आहे तेच. आमच्याच जमिनीवर आम्ही त्या गेटच्या आत कधी गेलो नव्हतो. वॉचमन नांदेडकडचा पोरगा, बुद्धरत्न नाव. सगळ्यांना विचारतो तसं त्याने विचारलं, "कोणाकडं जायचं मावशी?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होतो. शालन म्हणाली, "लेकीकडं."

"नाव सांगा ना."

"इंद्रायणी."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बारसं व्हायच्या आधीच पोर गेली, तिला नाव ठेवलंच नव्हतं. निदान मी तसंच समजत होतो. चोवीस वर्षांत हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं, ते वॉचमनला सांगताना.

त्याने इंटरकॉमवर कुणाला तरी विचारलं, यादी बघितली. "मावशी, या नावाचं कोणी राहत नाही बघा हितं. विंग कोणती? फ्लॅट नंबर?"

"राहते," शालन म्हणाली. "तुम्ही नवीन आहात."

तो माझ्याकडे बघू लागला. मी मान खाली घातली. पोराला काय वाटलं कुणास ठाऊक, वाद घातला नाही, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "ऊन लई हाय. बसा जरा." गेटच्या आत मात्र सोडलं नाही, त्याची नोकरी आहे. शालन बसली. गाठोडं मांडीवर. समोर पार्किंगच्या खांबांकडे बघत होती. गाड्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या, आणि प्रत्येक गाडीला तो पोरगा फाटक उघडत होता.

खूप वेळाने ती उठली. कुंपणाच्या भिंतीलगत झाडांचे वाफे केले आहेत, बाहेरच्या बाजूने. तिथे गाठ सोडली आणि माती वाफ्यात हाताने पसरली, आत जाता येतं तेवढं आत, भिंतीला चिकटून. मी वाकलो तर म्हणाली, "तुम्ही बी लावा हात." मी लावला.

आम्ही रोज जाणार नाही. अमावस्येला जाऊ. बुद्धरत्न सध्या ओळखतो, पण एजन्सी वॉचमन बदलते म्हणतात. बदलला की पुन्हा नाव सांगावं लागेल. ते मी सांगणार आहे, असं शालनला कबूल केलं आहे.

तू स्वतःला बोल लावू नकोस. कॅम्पवर पाणी उकळून पी.

तुझा
ज्योतीदादा